बोळातलं रक्षाचक्र

दुपारचे तीन वाजले आणि दूधशाळेच्या आवारातली शंभर-सव्वाशे माणसं एकदम अनवाणी झाली. चपला, बूट, गोठ्यात घालायचे गमबूट, सगळ्यांचा एकच ढीग फाटकापाशी पडला. कुत्री लांब नेऊन बांधली होती. मोटार बंद, रेडिओ बंद. बादल्यासुद्धा पोत्यांवर ठेवल्या होत्या, खणखणाट नको म्हणून. एरवी या वेळेला इथे कान किटायचे. आज टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

"श्वाससुद्धा हळू घ्या," बाबांचा चेला ओठांवर बोट ठेवून दोरीच्या कडेनं सांगत फिरत होता. त्याच्या नाकापासून खाली राखाडी फडकं गुंडाळलेलं होतं. "मंत्रात आवाज मिसळला तर गाय जागच्या जागी कोसळेल. मग आम्हाला बोल लावायचा नाही."

कोसळायची भीती घातल्यावर कोण आवाज करतोय! एका म्हाताऱ्याला खोकला आला, तर त्यानं टोपीच तोंडात कोंबली.

कानमंत्रवाले बाबा पुढे आले. अंगावर राखाडी घोंगडी, पायात काही नाही, चाल अशी की पायाखालची मातीही जागी होऊ नये. मंत्र सुरू करण्यापूर्वी ते मौनाचं महत्त्व सांगून चुकले होते, पाऊण तास. "गाय म्हणजे कोण? चार पायांवर उभं राहिलेलं मौन! तुम्ही बोलता, ती ऐकते. मी बोलत नाही, म्हणून ती माझं ऐकते!" यावर लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले आणि चेल्यानं डोळे वटारल्यावर खाली घेतले.

मोकळ्या आवारातून धारेच्या शेडमध्ये जायला एक अरुंद बोळ होता. दोन्ही बाजूंना भिंती, एका वेळी एकच गाय जाईल एवढा. चार दिवस झाले, ऐंशी गाईंपैकी एकही त्यात सरळ शिरत नव्हती. बोळाच्या तोंडाशी यायच्या, मान वर करायच्या, फुरफुरायच्या आणि मागच्या मागे फिरायच्या. त्यातली तांबडी तर सगळ्यात अडेल. बाबा नेमके तिच्याकडेच गेले. तिच्या कानाशी वाकले, काहीतरी पुटपुटले. मग सावकाश, तिच्या डोक्याकडून खांद्यावरून मागे चालत गेले.

आणि तांबडी चालायला लागली. मान खाली घालून, आपल्याच घरात जावं तशी ती बोळातून आत गेली. तिच्यामागे दुसरी, तिसरी, दहावी.

मालकांनी हात जोडले. मुकादमाच्या डोळ्यांत पाणी आलं. या मुकादमाला सगळे 'भोंगा' म्हणत, कारण तो हळू बोलला तरी पलीकडच्या रस्त्यावर ऐकू जाई. चार दिवस त्यानं त्या गाईंवर घसा फोडला होता आणि तीन काठ्या मोडल्या होत्या.

एकच बाई हात न जोडता उभी होती. दूध तपासायच्या खोलीच्या दारात, हातात लॅक्टोमीटर घेऊन. तिला मागून सगळे 'शंकाबाई' म्हणत. सकाळी सूर्य उगवला तरी 'हा कालचाच कशावरून?' असं विचारणारी बाई, असा तिचा लौकिक होता. घरात ती धाकटी जाऊ. तिची थोरली जाऊ त्याच दूधशाळेत बावीस वर्षं धारा काढत होती आणि आवाराच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहत होती. आपणही तिला धाकटीच म्हणू.

धाकटीला खटकलं ते वेगळंच. बाबा येण्याआधी चेल्यानं बोळात झाडून सगळं साफ केलं होतं. खुंटीवरचा भोंग्याचा रेनकोट, लोंबणारी साखळी, दाराच्या चौकटीला माश्यांसाठी टांगलेले पत्र्याचे तुकडे, सगळं एका पोत्यात भरून तो घेऊन गेला होता. काठ्या दूर ठेवल्या, कुत्री हलवली, माणसं गप्प केली. मंत्राला एवढी तयारी लागते? डॉक्टरनं रोग्याला एक गोळी दिली, आणि शिवाय छातीवर ठेवलेला दगडही उचलला. मग बरं कशानं वाटलं, गोळीनं की दगड काढल्यानं?

हे तिनं मनातच ठेवलं. संशय घेण्याचा तिचा हात सैल होता, हे तिला स्वतःला गेल्या सात महिन्यांत नीट कळलं होतं. पण ते पुढे येईलच.

जाताना बाबांनी मालकांच्या हातात एक वस्तू ठेवली. पत्र्याची, परातीएवढी, अष्टकोनी. एक बाजू लालभडक रंगवलेली, दुसरी आरशासारखी चकचकीत.

"हे रक्षाचक्र. उद्या पहाटे बोळाच्या आतल्या चौकटीला तारेनं टांगायचं. चकाकी गाईंकडे. ते हललं पाहिजे, कारण चक्र फिरतं तेच जिवंत. आणि एक लक्षात ठेवा. हे टांगल्यावरही गाई अडल्या, तर दोष गाईंचा नाही, चक्राचा नाही. दोष या आवारातल्या कुणातरी माणसाचा."

धाकटीला वाटलं, हा माणूस छत्री विकतोय आणि पाऊस पडला नाही तर गिऱ्हाईकाला पापी ठरवतोय.

दुसऱ्या दिवशी पहाटे चक्र टांगलं आणि गाई अडल्या.

अडल्या म्हणजे काय, आधीपेक्षा वाईट अडल्या. भोंग्यानं पुन्हा काठी काढली. एक गाय पाय घसरून बसली, दोघी एकमेकींच्या अंगावर गेल्या. कशाबशा आत ढकलल्या तर पान्हा सोडेनात. बिचकलेली गाय पान्हा चोरते, हे धारा काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. धाकटीच्या खोलीत त्या सकाळी रोजच्या निम्मेसुद्धा कॅन आले नाहीत.

बाबांना निरोप गेला. बाबा जणू गाडीत बसूनच होते, तासाभरात हजर. त्यांनी चक्राकडे पाहिलं, डोळे मिटले, आणि डोळे उघडले ते भरून आलेले.

"चक्रानं माणूस ओळखलाय," ते म्हणाले. "सावली पडतेय हो, सावली. गाईला ती दिसते, तुम्हाला दिसत नाही. एकेकाला तांबडीपाशी पाठवा."

आवारात तांबडीला बांधलं आणि परीक्षा सुरू झाली. चेला एकेका माणसाला दंड धरून गाईजवळ नेत होता. मालक गेले, बाजूनं, खांद्यापाशी. तांबडी रवंथ करत उभी. भोंगा गेला, तिनं कान हलवले, बस्स. धाकटी गेली, गाईनं तिचा हात हुंगला. मग थोरलीची पाळी आली. चेल्यानं तिला वळसा घालून आणलं आणि मागून, शेपटीच्या रेषेत उभं करून हळूच पुढे ढकललं.

थोरली म्हणाली, "अहो, मागून नका—"

तेवढ्यात तांबडी दचकली. दावं ताणून आडवी झाली आणि तिनं अशी लाथ झाडली की जवळची बादली उडून भिंतीवर आदळली.

गर्दीतून 'आई गं' असा एकच सूर निघाला.

"पाहिलंत?" बाबा अगदी हळू म्हणाले. हळू बोललेलं लोकांना जास्त खरं वाटतं. "बावीस वर्षं जिनं या गाईंचं दूध काढलं, तिच्यावरच गाय उलटली. मी काही बोलत नाही. गाय बोलली. चक्र काढायचं नाही, माणूस काढायचा. ही बाई आवाराबाहेर गेली की त्याच क्षणी गाई चालतील. आणि तिची ती कोपऱ्यातली खोली शुद्ध करून घ्या. तिथे काही दिवस माझं आसन मांडावं लागेल. माझी इच्छा नाही, पण इलाज नाही."

मालकांनी थोरलीकडे पाहिलं नाही. चपलांच्या ढिगाकडे बघत ते म्हणाले, "शनिवारी दुपारपर्यंत खोली मोकळी करा."

धाकटी घरी आली ती तणतणत. नवरा दुधाची गाडी धुवत होता.

"तुमच्या वहिनीला घराबाहेर काढतायत."

"ऐकलं." त्यानं फडकं पिळलं. "पण गाय लाथ मारते म्हणजे काहीतरी असणारच ना? आग असल्याशिवाय धूर निघतो का?"

"तुम्ही दहा वेळा चावी फिरवलीत तरी गाडी चालू होत नाही, तेव्हा कुणाची सावली पडलेली असते?"

"बॅटरीची," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्यानं फडकं पुन्हा पिळलं. मग म्हणाला, "तू तिची बाजू घेतेयस? तू? सात महिने तिच्याशी बोलत नाहीस."

हे खरं होतं, आणि धाकटीला ते झोंबलं. सात महिन्यांपूर्वी तिनं थोरलीच्या कॅनमधलं दूध तपासलं होतं. लॅक्टोमीटर नेहमीपेक्षा खोल बुडाला. धाकटीनं मागचा-पुढचा विचार न करता चारचौघांत म्हटलं, 'ताई, यात पाणी आहे.' थोरलीनं कॅन उचलला, आत नेऊन ठेवला आणि त्या दिवसापासून धाकटीशी एक शब्द बोलली नाही. पुढे चौथ्या दिवशी धाकटीला आपली चूक कळली होती. ते दूध नुकतं काढलेलं, गरम होतं. गरम, फेसाळ दुधात लॅक्टोमीटर खोलच जातो. निवेपर्यंत थांबायचं असतं. हे तिला शिकवलेलं होतं, पाठ होतं. पण त्या दिवशी घाई होती, आणि खरं सांगायचं तर घाईपेक्षा संशय जास्त होता. चूक कळली, पण ती कबूल करायला तोंड उघडेना. आज सांगू, उद्या सांगू, करता करता सात महिने गेले. बाबांनी थोरलीकडे बोट दाखवल्यावर लोकांना पटलं ते इतक्या चटकन का, याचं उत्तर धाकटीला माहीत होतं. 'दुधात पाणी घालणारी' असं तिनंच आधी ठरवून ठेवलं होतं ना!

शुक्रवारी संध्याकाळी ती थोरलीच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं. थोरली पत्र्याची ट्रंक भरत होती.

"ताई."

"ये." थोरलीनं वर पाहिलं नाही. "माल तपासायला आलीस? ट्रंकेत पाणी नाही."

धाकटीनं ते गिळलं. मग ती फळीवरच्या बरण्या उतरवायला लागली. मिठाच्या बरणीवर झाकण नव्हतं, पत्र्याचा एक चौकोनी तुकडा होता. एक बाजू चकचकीत, दुसऱ्या बाजूला अर्धं सूर्यफूल छापलेलं, खाली अर्धी अक्षरं. कोपऱ्यात खिळ्यानं पाडलेलं भोक.

"हे कुठलं?"

"तेच ते, माश्यांवाल्याचं. मागच्या आठवड्यात आला होता ना एक, फुकट नमुना म्हणून दारात पत्र्याचे तुकडे टांगून गेला. म्हणे चकाकीनं माश्या येत नाहीत. माश्या काही गेल्या नाहीत, गाईच जायच्या थांबल्या. मी दुसऱ्याच दिवशी एक तोडून आणला. सगळेच काढणार होते, पण भोंगा ओरडला, 'मालकांनी लावून घेतलंय, हात लावू नको.' ऊन पडलं की ते लकाकतं, वाऱ्यानं हलतं, आणि सकाळी दिव्यात तेच. गाईला ते काय आहे कळत नाही. कळत नसलं की ती थांबते. माणसासारखं नाही तिचं. माणसाला कळत नसलं की तो हात जोडतो."

धाकटी खाटेवर बसली. "हे तुम्ही कुणाला सांगितलंत?"

"सांगितलं की. बाबा पहिल्यांदा आले त्या दिवशी त्या चेल्यालाच. म्हटलं, एवढं ते चकचकीत काढा म्हणजे झालं, मंत्राबिंत्राची काही गरज नाही. त्यानं असं रोखून पाहिलं माझ्याकडे." तिनं साडीची घडी ट्रंकेत दाबली. "आणि तो चेला म्हणजे तोच माश्यांवाला. मिशी उतरवलीय आणि तोंड झाकलंय, पण डावा खांदा उतरता आहे त्याचा. जनावरांत राहिलं की माणसंही चालीवरून ओळखू येतात."

"अहो, मग हे मला का नाही सांगितलंत?"

आता थोरलीनं वर पाहिलं. "तुला? तू खरं मानलं असतंस?"

धाकटीनं पत्र्याचा तुकडा हातात उलटसुलट करून पाहिला. बाहेर कुठेतरी गाय हंबरली.

"तांबडीनं लाथ का मारली?" धाकटीनं शेवटी विचारलं.

"मागून गेल्यावर मारणारच. गाईला सगळीकडचं दिसतं, फक्त बरोबर मागचं दिसत नाही. न दिसणारं काहीतरी अंगाला लागलं तर तू दचकणार नाहीस? तुम्हा सगळ्यांना त्यानं बाजूनं नेलं, मला मागून." थोरलीच्या आवाजात रागापेक्षा नवल होतं. "तो बाबा गुरांत वाढलेला आहे, बरं का. उभं कुठे राहायचं त्याला बरोबर कळतं. तिच्या खांद्यावरून मागे गेलं की ती पुढे चालते, हे मीही रोज करते. विद्या खरी आहे त्याची. नुसता मंत्र खोटा."

"मंत्र तरी काय म्हणतो कानात?"

थोरली पहिल्यांदा हसली. "मी जवळ होते, ऐकलं मी. 'चल गं बये, चल, चल.' बस्स, एवढंच."

शनिवारी दुपारी पुन्हा गर्दी, पुन्हा चपलांचा ढीग. थोरली ट्रंक घेऊन फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला बसली होती. आत बोळाच्या टोकाशी चक्र तारेवर डुलत होतं. बाबा आले, त्यांनी वाऱ्याचा अंदाज घेतला आणि चेल्याला म्हणाले, "शिडी आण. चक्राची पाठ फिरवतो. दोषी माणूस गेला, आता चक्राचा कोप शांत झालाय."

'म्हणजे चकाकी भिंतीकडे आणि लाल बाजू गाईंकडे,' धाकटीच्या मनात आलं. 'मग चालतीलच की गाई!'

"बाबा, शिडी नंतर," ती मोठ्यानं म्हणाली. "एक शंका आहे."

गर्दीत हशा पिकला. शंकाबाईला शंका! चेला धावत आला, "मौन, मौन!"

"मौनातच बोलते, हळू." ती मालकांकडे वळली. "बाबा म्हणाले होते, ती बाई आवाराबाहेर गेली की त्याच क्षणी गाई चालतील. ती बाहेर बसलीय, सगळ्यांना दिसतेय. चक्र जागेवर आहे. मग काही न फिरवता गाई सोडून बघू या ना. बाबांचा शब्द खरा ठरेल, आम्ही डोळ्यांनी पाहू."

मालकांना यात गैर काही दिसेना. बाबांना दिसलं असावं, पण नाही म्हणायचं कसं? 'माझ्या शब्दाची परीक्षा नको' असं म्हणणाऱ्याचा शब्द लोकांना पोकळ वाटतो. ते उगाच हसले. "बाईंची श्रद्धा कच्ची आहे. सोडा गाई."

तांबडी पुढे आली. बोळाच्या तोंडाशी पोचली. आत उन्हाचा कवडसा चक्रावर पडला होता, आणि चक्र हललं की तो कवडसा जमिनीवरून सरपटत यायचा. तांबडीनं मान वर केली, फुरफुरली आणि मागे फिरली. बाबा घाईनं तिच्या कानाशी गेले, पुटपुटले, खांद्यावरून मागे चालले. तांबडीनं एक पाऊल पुढे टाकलं, कवडसा तिच्या पायाशी आला, आणि तिनं बाबांनाच भिंतीशी दाबलं.

"बाबा, मंत्र विसरलात का?" कुणीतरी मागून विचारलं. मौन मोडलं होतं.

"त्या बाईची सावली फाटकातून येतेय!" बाबा घोंगडी सावरत म्हणाले.

"एवढी लांब? मग जवळ आणून बघू या," धाकटी म्हणाली आणि तिनं हाक मारली, "ताई, या आत. इथे, बोळापाशी उभ्या राहा."

थोरली आली. पदर खोचून भिंतीला टेकून उभी राहिली. लोक दोन पावलं मागे सरकले. धाकटीनं शिडी लावली, वर चढली आणि हातातलं गोणपाट चक्राभोवती गुंडाळलं.

"चक्राला हात लावू नको! सर्वनाश होईल!"

"काढत नाही हो. नुसतं पांघरूण घालते."

ती खाली उतरली. आयुष्यात तिनं कधी गाय हाकली नव्हती. दूध कॅनमध्ये आल्यावर तिचं काम सुरू होई. चूक झाली तर उद्या थोरली रस्त्यावर आणि आपण तिच्या शेजारी. तांबडीच्या बाजूला, थोडं अंतर ठेवून ती उभी राहिली. आदल्या संध्याकाळी थोरलीनं दाखवलं होतं तसं, डोक्याकडून खांद्यावरून सावकाश मागे चालायला लागली. चालता चालता म्हणाली, "चल गं बये. चल, चल."

तांबडीनं मान खाली घातली. बोळात पाहिलं. आणि थोरलीच्या अगदी अंगावरून, तिच्या 'सावलीतून', आत निघून गेली. तिच्यामागे दुसरी. तिच्यामागे तिसरी.

"आता तुम्ही या, मालक," धाकटी म्हणाली. मालकांनी जन्मात गाय हाकली नव्हती. त्यांनी हाकली. गेली. मग भोंग्याला बोलावलं. "काठी ठेवा आणि आवाज ठेवा."

"आवाज कुठे ठेवू?" भोंगा कुजबुजला. त्याची कुजबुज सगळ्या आवाराला ऐकू आली, आणि तरी गाय गेली, कारण तो तिच्यावर ओरडत नव्हता. भोंग्याच्या तोंडावरचं नवल पहिल्या दिवशी बाबांना पाहून वाटलेल्या नवलापेक्षा मोठं होतं.

मग धाकटीनं गोणपाट काढलं. पुढची गाय तिथेच थांबली. पुन्हा झाकलं, गाय चालली. असं तिनं तीनदा केलं. तिसऱ्या वेळेला लोकच ओरडायला लागले, "झाका! काढा!" जणू दिव्याचं बटण दाबतायत.

शेवटी तिनं चक्र तारेवरून खाली आणलं आणि नखानं लाल रंग खरवडला. रंगाखालून पिवळी पाकळी निघाली. तिनं ओच्यातून मिठाच्या बरणीवरचं झाकण काढलं आणि दोन्ही कडा जुळवल्या. अर्धं सूर्यफूल आणि अर्धं सूर्यफूल, मिळून एक पुरं. अर्धी अक्षरं आणि अर्धी अक्षरं: 'शुद्ध खाद्यतेल'.

"हे झाकण माश्यांवाल्यानं दारात टांगलेल्या पत्र्यांपैकी. हे रक्षाचक्र बाबांचं. डबा एकच. आधी एकानं येऊन गाई अडवल्या, मग दुसऱ्यानं येऊन सोडवल्या, आणि पुन्हा अडाव्यात म्हणून जाताना परातीएवढा तुकडा देऊन गेला. माश्यांवाला कोण, ते त्याच्या तोंडावरचं फडकं काढलं की कळेल. डावा खांदा तर आत्ताही उतरताच आहे."

चेला फाटकाकडे निघाला होताच. पण शंभर माणसांच्या चपलांच्या ढिगात आपले बूट शोधायला वेळ लागतो. तो खाली बसून एकेक जोड उलटापालटा करत होता, तोवर भोंग्यानं मागून त्याचं फडकं ओढलं. मिशीच्या जागची कातडी बाकीच्या चेहऱ्यापेक्षा गोरी होती.

बाबा शहाणे. ते बूट न शोधता, अनवाणीच गेले.

मग एकच गलका उडाला. जो तो सांगायला लागला, मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. मालक थोरलीपुढे येऊन उभे राहिले. "चूक झाली," एवढंच म्हणाले.

धाकटी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर चढली, कारण तिला अजून बोलायचं होतं आणि ती उंचीनं कमी होती.

"गाईला भीती वाटली, म्हणून ती थांबली," ती म्हणाली. "तिला विचारायला हवं होतं, कशाची? तिच्या जागी उभं राहून, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर वाकून त्या बोळात बघायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम. ते कुणी केलं नाही. आपण काठी मोडली, मग हात जोडले, मग एका बाईला बाहेर काढलं. उद्या आणखी कुणी येईल, आणखी काहीतरी टांगेल. त्याला फक्त एवढं म्हणा: हे काढून बघू आणि हे ठेवून बघू. खरं असेल ते दोन्हीकडून टिकतं. जो असं बघू देत नाही, त्याला फाटक दाखवा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती खाली उतरली नाही.

"आणि हे मलाही लागू आहे. सात महिन्यांपूर्वी मी म्हटलं होतं, ताईंच्या दुधात पाणी आहे. नव्हतं. मी दूध गरम असतानाच लॅक्टोमीटर घातला. निवेपर्यंत थांबून पुन्हा एकदा घातला असता तर तेव्हाच कळलं असतं. मी संशय घेतला आणि तपास केला नाही. बाबांनी तुम्हाला जे विकलं, ते मी आधीच फुकट वाटून ठेवलं होतं. माझं चुकलं."

टाळ्या थांबल्या होत्या. धाकटीचे कान लाल झाले होते. ती उतरली आणि थोरलीपुढे उभी राहिली.

"तुला कधी कळलं?" थोरलीनं विचारलं.

"चौथ्या दिवशी."

"आणि सांगतेयस आज."

"हो."

थोरलीनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. बिचकलेल्या गाईकडे ती पाहते तसंच, न रागावता, न घाई करता. मग फाटकाबाहेर जाऊन ट्रंकेची एक कडी तिनं धरली.

"दुसरी कडी धर. जड आहे," ती म्हणाली. "आणि हळू चाल, गाई आत जातायत."

दोघींनी ट्रंक उचलली आणि कोपऱ्यातल्या खोलीकडे निघाल्या. बोळातून उरलेल्या गाई एकामागून एक आत जात होत्या, आणि कुणी ओरडत नव्हतं.